निमे, पाणी कोण भरतंय?

निमे, तुझ्या मयतीला एवढी माणसं लोटली की मला तुझा रागच आला. ड्रायव्हर लाइनीतल्या झाडून सगळ्या बाया, वाचनालयाची मंडळी, धर्मापुरीकडची तुझ्या सासरची भावकी. ऊन असं की चपलेतून चटका बसत होता, आणि मी तिथं उभी राहून काय विचार करत होते सांगू? माझ्या वेळी एवढी येतील का! जिवाभावाच्या मैत्रिणीच्या मयतीत असला विचार येऊ नये म्हणतात. आला. तू असतीस तर माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं असतंस, आणि पदराआड हसली असतीस.

तुझ्यावर जळणं मला नवीन नाही. अंबाजोगाईच्या कॉलेजात तू बापाच्या जीपमधून उतरायचीस. पाटलाची एकुलती लेक, रोज वेगळी साडी. मी मास्तराची पोर, दोन साड्या आलटून पालटून. तेव्हा तुझ्याकडं साड्या होत्या म्हणून जळले. मग तू त्याच जीपच्या ड्रायव्हरचा हात धरून बीडला गेलीस, अंगावरच्या साडीनिशी रजिस्टर लग्न केलंस, आणि तुझ्याकडं साड्या राहिल्या नाहीत म्हणून जळले. ड्रायव्हर तरी कुठला, तर ज्याचे आईबाप दसरा झाला की ऊस तोडायला कर्नाटकात जातात त्या घरातला. असलं कुणी कादंबरीत लिहून पाठवलं असतं तर आपण पहिल्याच प्रकरणात बाद केलं असतं, अगदीच ठरावीक म्हणून.

माझं लग्न नेकनूरच्या स्थळाशी झालं. मुलगा कारखान्याच्या शेती खात्यात ऑफिसर, निर्व्यसनी, शांत. सगळे खूश. माझ्या लग्नात एकसुद्धा माणूस नाराज झाला नाही गं! कुणी रुसलं नाही, कुणी दार लावून घेतलं नाही, साधा मामासुद्धा फुगला नाही. आमच्या ह्यांच्यात खोट काढायला जागा नाही, आणि तेच माझं दुखणं आहे. एकदा रात्रीच्या जेवणाला मी ह्यांना एक कादंबरी सांगायला घेतली. राजकन्या नुकती कुठं गच्चीवर आली होती, तर हे म्हणाले, ‘शेवट काय झाला ते सांग, मला उद्या लवकर जायचंय.’

तुझं तसं नव्हतं. पाटलांनी तुझं नाव टाकलं, जीपची नोकरी गेली, आणि पहिल्या वर्षी तू नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलीस. आपल्याकडं नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. दाजींना अर्ध्यावर जायचं नव्हतं आणि तुला मागं राहायचं नव्हतं, एवढंच मला कळलं होतं. पूर्ण हंगाम कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत काढलास. परत आलीस तेव्हा तुझ्या हाताला हात लावला तर लाकडाला लावल्यासारखं वाटलं. पुढं कारखान्याच्या निवडणुकीत पाटलांचं पॅनल पडलं आणि त्यांना खिजवायला म्हणून विरोधी पॅनलनं दाजींना ट्रॅक्टरवर लावून घेतलं. सहकारात प्रेमाचं भलं झालेलं मी एवढं एकच पाहिलं.

अशी तू कारखान्याच्या कॉलनीत आलीस, ड्रायव्हर लाइनीत. मी ऑफिसर लाइनीत होतेच. तरी आपल्याला एकत्र आणलं ते दुष्काळानं. ऊसच नव्हता, चिमणीतून धूर येत नव्हता, नळ कोरडे. दोन्ही लाइनींना मिळून एकच टँकर यायचा, कधी येईल त्याचा नेम नाही. सकाळपासून हंड्यांची रांग. तुझा हंडा माझ्या हंड्यामागं लागला, तू म्हणालीस, ‘सुमे, तू तर लई जाड झालीस गं,’ आणि आपलं पुन्हा सुरू झालं.

मग ते बक्षीस निघालं. चेअरमनच्या आईला ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड होतं. म्हातारी वारली तेव्हा तिच्या नावानं कॉलनीतल्या वाचनालयानं दरसालचं बक्षीस ठेवलं, तेही तिला आवडायची तसल्याच पुस्तकांना. राजघराण्यातली मुलगी आणि साधा शिलेदार, सरदाराचा पोरगा आणि माळीण, मोठ्या घरचं माणूस आणि गरीब माणूस ह्यांचं प्रेम. परीक्षक दोन, ऑफिसर लाइनीतली मी, ड्रायव्हर लाइनीतली तू, म्हणजे कुणी नावं ठेवायला नको. आणि दोघींचं एकमत झालं तरच बक्षीस, नाहीतर त्या साली नाही. गाळप बंद पडलं, कामगारांचे पगार थकले, बक्षीस मात्र चालू राहिलं. असतो आपल्याकडं एकेकाचा मान.

टँकरच्या रांगेत हंड्यावर बसून आपण ती पुस्तकं वाचली. मी पेन्सिल घेऊन. तू नुसती, पदरानं वारा घेत.

‘सुमे, हिच्या महालात कारंजं हाय म्हणं.’

‘मग?’

‘त्याला पाणी कोण भरतंय?’

‘अगं, राजाचा महाल आहे. असतील नोकर.’

‘मग त्यांची नावं कावून न्हाईत? एवढ्या जाड पुस्तकात पाणी भरणारीचं एक नाव न्हाई. ही शिलेदारावर जीव टाकायली, आन् हिच्या डोळ्याम्होरून घागर घेऊन जाणारी बाई हिला दिसंना. असली पोरगी गरिबाच्या घरात नांदंल का? बाद!’

सगळी रांग हसली. मी भाषाशैलीवर बोलायचे, पात्रचित्रणावर बोलायचे, काळाची विसंगती दाखवायचे, आणि रांग जांभया द्यायची. तू म्हणायचीस ‘पाणी कोण भरतंय’, आणि बाया हंडे सरकवून जवळ यायच्या. एकदा मी यादवांच्या काळातल्या नायिकेला मिरचीचा ठेचा वाटताना पकडलं. केवढी मोठी चूक पकडली होती मी! मिरची आपल्या देशात तेव्हा आलीच नव्हती. तर तू म्हणालीस, ‘वाटू दे की गं. कुणीतरी एकदाचं काहीतरी वाटतंय.’ आणि त्या पुस्तकाला तू हो म्हणालीस. माझ्या पेन्सिलीकडं बघून शेजारच्या बाया गालात हसत होत्या. त्या दिवशी टँकर आला तेव्हा मी मुद्दाम तुझ्या हंड्यापुढं माझी कळशीही लावली.

पण आपला खरा वाद वेगळाच होता. त्या पुस्तकांवर मी रडायचे आणि तू हसायचीस. हे उलटं व्हायला नको होतं का? जिनं सगळं सोडून ड्रायव्हरशी लग्न केलं ती नाक मुरडते, आणि जिचं पत्रिका बघून झालं ती नाक पुसते. ‘हार घातला की ह्यांचं पुस्तक सपलं,’ तू म्हणायचीस. ‘न्हाईतर हार घालायच्या आदी कुणीतरी मरतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते कुणी लिहीना.’

‘मग तू सांग ना. तुझ्या दुसऱ्या दिवशी काय झालं?’

‘काय व्हायचंय? ऊस तोडला.’

किती वेळा विचारलं असेन मी. गोड बोलून विचारलं, रागावून विचारलं, तुझ्या आवडीचे धपाटे करून आणून विचारलं. धपाटे खाल्लेस आणि म्हणालीस, ऊस तोडला. मला वाटायचं, नक्की काहीतरी लपवते. एक तर तिथं एवढं सुख होतं की सांगवत नाही, नाहीतर एवढं दुःख. आता लिहून टाकते, मनातून मला दुःख असावं असंच वाटायचं. तेवढंच माझं बरं चाललंय असं झालं असतं.

आणि तो बक्षीस समारंभ आठवतो? पाटील पुन्हा डायरेक्टर झाले होते आणि परीक्षकांचा सत्कार त्यांच्या हस्ते ठेवला होता. ठेवणाऱ्यानं मुद्दामच ठेवला असणार. आधी मला शाल मिळाली, कुणी बघितलंसुद्धा नाही. मग तुझं नाव पुकारलं आणि मंडप असा गप्प झाला की लाउडस्पीकरची घरघर ऐकू यायला लागली. लग्नानंतर बापलेक पहिल्यांदाच समोरासमोर. पाटलांनी शाल घातली, नारळ दिला, हात थोडा जास्त वेळ नारळावर राहिला. पहिल्या रांगेतल्या बाया हुंदके देत होत्या. खुर्चीवर येऊन बसलीस तेव्हा मी हळूच म्हटलं, ‘निमे, बरी आहेस ना?’ तर तू शाल चाचपून म्हणालीस, ‘शाल पातळ हाय.’ घरी जाऊन मी माझी बघितली. माझीही पातळच होती, पण माझ्या शालीवर कुणी रडलं नव्हतं.

आता यंदाच्या त्या पुस्तकाकडं येते, कारण ते आपलं राहून गेलं. किल्लेदाराची मुलगी आणि पखालवाला. रेड्यावर पाण्याची पखाल लादून रोज किल्ला चढणारा पोरगा. मला वाटलं, घ्या, आता तरी निमीचं तोंड बंद होईल! पाणी कोण भरतंय, तर नायकच भरतोय. आणि शेवट तर काय सांगावा. ती दोर सोडून बुरुजावरून उतरते, दोघं देवळात हार घालतात, मागून बापाची माणसं येतात, आणि ती दोघं हातात हात घालून किल्ल्याच्या पाण्याच्या टाक्यात उडी घेतात. शेवटचं वाक्य एवढंच, की काठावर रिकामी पखाल पडली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला फोन केला तर तू दवाखान्यात, आवाज बसलेला, दम लागलेला, आणि तरी म्हणालीस, ‘पेयच्या पाण्यात जीव देतेत व्हय गं? उद्या गावानं काय पेयचं?’

‘निमे, हे प्रेम आहे!’

‘लेखक सुटला, दुसरं काय. जगवलं असतं तर लिहावं लागलं असतं ना पुढचं. मी हो म्हणणार न्हाई.’

‘मग कसा करायचा होता शेवट, सांग.’

‘तू ये. सांगते.’

मी दुसऱ्याच दिवशी आले. पण डॉक्टरांनी तुला बोलायला मनाई केली होती, नाकाला नळी. मी पुस्तक दाखवलं. तू डोळ्यांनी हसलीस आणि बोटं हलवून खूण केलीस, नंतर. बस. मी तुझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि शेवटची एसटी पकडली.

तेराव्यानंतर दाजींकडं गेले. जाताना मनात काय होतं ते ऐक. वाचनालयाचे सचिव आधीच म्हणाले होते, ‘बाई, आता तुमच्या एकटीचं मत चालेल, ती पखालवाली कादंबरी जाहीर करून टाकू.’ म्हणजे इतक्या वर्षांत एकदा माझं चालणार होतं. रांगही नव्हती हसायला. दाजींना भेटू, दोन शब्द बोलू आणि संध्याकाळी सचिवांना हो कळवू, असं ठरवून गेले होते.

दाजींनी स्वतः चहा केला, गुळमट. मी विचारलं, ‘कसं चाललंय, दाजी?’

‘कसं चालायचंय, बाई. अर्धा कोयता.’

मग बशीतला चहा फुंकता फुंकता एकदम म्हणाले, ‘बाई, एक इचारू का? त्या पखालवाल्याचं म्होरं काय झालं?’

‘कुठल्या पखालवाल्याचं?’

‘त्येच की, किल्लेदाराच्या पोरीचं. दवाखान्यात तिनं निम्मीच सांगितलती. पोरगी दोर सोडून बुरूज उतरती, तितवर. मग धाप लागायली तिला. मला म्हणली, बाकीची उद्या.’

‘तुम्हाला सांगायची ती पुस्तकं?’

‘समदीच सांगायची. जेवायला बसलं की सुरू. मला वाचायचा कटाळा, तिला सांगायचा लई शौक. त्या कारंजावालीची तर मी किती बार ऐकली.’

कारंजावाली! जी तू रांगेत बसून बाद केलीस, ती! मी म्हटलं, सांगा बरं कशी होती. आणि निमे, दाजी खुलले गं. ती राजकन्या म्हणे शिलेदाराच्या घरी आली. पहिल्या दिवशी भाकरी करपवली. शिलेदार घास मोडून म्हणाला, करपलीय. तर हिनं काटवट आपटली आणि म्हणाली, माझ्या बापाच्या महालात मला भाकरी कुणी शिकवली न्हाई, येत असंल तर तू शिकव. मग त्यानं भर माणसांत बसून थापून दाखवली. सासू बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी हिच्या तळहाताला फोड आले, तर तिनं ते कुणाला दाखवले नाहीत. त्यानं अंधारात हात हातात घेतला तेव्हा त्याला लागले.

‘...आन् भाईर थंडी अशी, की कोपीत दोघं...’

‘दाजी,’ मी म्हटलं, ‘शिलेदाराच्या घरी कोपी कुठून आली?’

म्हाताऱ्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. ‘व्हती,’ म्हणाले. ‘तिच्या गोष्टीत व्हती.’

निमे, भवाने! माझे एवढे धपाटे खाल्लेस आणि मला म्हणालीस ऊस तोडला. मला तू पुस्तकांचे दोष दाखवत बसलीस आणि त्याला रोज ताटावर गोष्ट सांगितलीस, जिला जिला बाद केलंस तिला घरी नेऊन नांदवलंस. तुझ्या साड्यांवर, तुझ्या रांगेवर, तुझ्या शालीवर जळले ते सगळं ह्याच्यापुढं काहीच नाही. मी त्या खुर्चीत बसून अशी पेटले होते की चहा सांडला साडीवर. माझ्या घरात एक कादंबरी गच्चीच्या पुढं गेली नाही, आणि तुझ्या घरात बाद झालेल्या सगळ्या पोरी भाकऱ्या थापत बसल्या होत्या.

‘सांगा ना,’ दाजी म्हणाले. ‘म्होरं काय झालं?’

आता गोष्ट माझ्या हातात होती. शेवट मला तोंडपाठ होता, माझा आवडता. मी सुरुवात केली. ती दोर सोडून उतरली. देवळात हार घातले. मागून माणसं आली. ती दोघं पळत पळत टाक्याच्या काठावर आली. आणि समोर दाजी, गुडघ्यावर हात ठेवून, ऐकत होते.

‘मग?’

‘मग... मग माणसं वाट चुकली. सकाळ झाली. तिनं पखाल भरली.’

‘तिनं?’

‘हो. भरली आणि रेड्यावर चढवायला लागली.’

दाजींनी मान हलवली. ‘एकटीला न्हाई जमायचं, बाई. भरली पखाल लई जड. दोन्ही बाजूनं धरावं लागतंय.’

‘मग त्यानं धरली दुसरी बाजू.’

‘आन् भाकरी?’

‘करपली.’

‘मंग बराबर हाय,’ दाजी म्हणाले आणि खिशातली दस्ती काढून डोळे पुसले. मीही पुसले. तुझ्या घरात, तुझ्या माणसापुढं, तुझ्याच पद्धतीनं गोष्ट सांगून, आणि तरी त्यांना ऐकू येत होतीस ती तूच. पुढच्या बाजारच्या दिवशी या म्हणाले, दुसरी सांगा. जाणार आहे. आणि मला ठाऊक आहे, दर गोष्टीत मधेच अडवून म्हणणार, ‘तिनं अशी न्हाई सांगितली.’

घरी आले तर सचिवांचा फोन. ‘बाई, कळवताय ना? छापायला द्यायचंय.’

मी म्हटलं, ‘नियमात दोघींचं एकमत लागतं.’

‘पण बाई, दुसऱ्या परीक्षक तर वारल्या.’

‘वारली म्हणून तिचं मत बदललं का?’

मग ते म्हणाले, बरं, यंदा बक्षीस नाही असं लावतो.

पण उगं फुगू नकोस. माझं मत हो आहे, होतं आणि राहील. काठावरची ती रिकामी पखाल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि तसा शेवट लिहायला धमक लागते हे मी तुला कुठंही येऊन पटवून देईन. दाजींना सांगितला तो दाजींपुरता. तुझं नाही, माझं हो, वाद जिथं होता तिथंच आहे. हातानं नंतर म्हणाली होतीस ना? मी थांबलेय, निमे.